टँकरचं जड पाणी, आरओवाल्याचा तपकिरी ग्लास आणि पैसे आधी कुठे घालायचे

पत्र:

काका, माझं माहेर सदाशिव पेठेत, लग्न होऊन वाघोलीला मोठ्या सोसायटीत आले आणि इथलं पाणी बघून डोकं फिरायची वेळ आलीये. नळांवर पांढरे थर, शॉवरची निम्मी भोकं बंद, गीझरची कॉइल दुसऱ्यांदा गेली, डाळ कितीही शिट्ट्या द्या बोटचेपी होत नाही आणि केस तर मूठ मूठ गळतायत. सासऱ्यांना मुतखडा निघाला, सासूबाई म्हणतात हे पाण्यानेच झालं. त्यात परवा आरओवाला डेमो देऊन गेला, आमच्या नळाच्या पाण्यात कांड्या घालून करंट सोडला तर पाणी तपकिरी आणि वर हिरवट गाळ, त्याच्या मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं. सासूबाई इतक्या घाबरल्यात की म्हणतात आजच बुक कर. चेअरमन म्हणतात अख्ख्या सोसायटीला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, बसवू, वर्गणी काढा. आणि नवरा म्हणतो पुण्याचं पाणी म्हणजे अमृत, उगाच खर्च नको. ऐकू कुणाचं?
– वाघोलीची वैतागलेली सून

उत्तर:

अगं, काका म्हणालीस म्हणून अगंतुगं करतोय, चालवून घे.

आधी तो तपकिरी ग्लास, कारण त्याने तुमच्या घरात जेवढी भीती घातलीये तेवढी गीझर जळून पण घातली नसेल. त्या यंत्राच्या कांड्या नीट बघितल्यास का, प्रत्येक ग्लासात एक लोखंडाची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी हळूहळू झिजते आणि पाण्यात गंज उतरतो. तो तपकिरी-हिरवा गाळ कांडीतून आलेला, तुझ्या पाण्यात तो नव्हताच. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, कांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं, संपला खेळ. पुढच्या वेळी कुणी असला डेमो द्यायला आला तर त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर खायचं मीठ टाक आणि म्हण आता सोडा करंट. तेही तपकिरी होणार. मीठ तर आपण रोज खातो, मग ते काय विष झालं का? सासूबाईंना समोर बसवून दाखव, शंभर वेळा समजावण्यापेक्षा हे एकदा बघितलेलं बरं. आणि तुझ्या नळाला जे पांढरं साठतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम, ते पाण्यातून बाहेर पडलं तरी पांढरंच दिसतं, तपकिरी नाही.

म्हणजे आरओ घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाहीये, कदाचित लागेलही. पण तो कशासाठी लागणार हे त्या ग्लासावरून अजिबात कळत नाही.

आता नवरोबा. त्यांचं बोलणं खोटं नाही, फक्त पत्ता चुकलाय. पुण्याचं पाणी म्हणजे खडकवासल्याचं पाणी, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, पावसाळ्यात पुणेकर सकाळी पेपर उघडला की आधी तेवढंच बघतात. हे सगळं सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी, डोंगरावरून वाहत सरळ धरणात येतं, जमिनीखाली मुरून वर्षानुवर्षं पडून राहत नाही, त्यामुळे त्यात क्षार विरघळायला वेळच मिळत नाही. म्हणून ते मऊ. पेठेतल्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावलास तर आकडा साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याच्याही खाली दिसेल. तुझ्या आईच्या घरी साबणाचा फेस धुता धुता जात नसे ना, तो याचमुळे. आणि एक गैरसमज इथेच काढून टाक, "नदीचं पाणी" म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढे भिडे पुलाखालची मुठा येते आणि नाक मुरडतात. ते पाणी आपण पीत नाही, आपण धरणातलं वरच्या वर उचलतो, शुद्धीकरण करून नळाला सोडतो आणि मग आपली घाण खालच्यांसाठी नदीत टाकतो, ती मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून उजनीला आणि उजनीतून सोलापूरकरांच्या नळाला. असो, तो विषय काढला तर आजचं सदर त्यातच जाईल.

पण हे सगळं झालं धरणाच्या पाण्याबद्दल. वाघोली महापालिकेत आली २०२१ साली, तेवीस गावं एकदम घेतली तेव्हा. गाव महापालिकेत आलं म्हणून पाण्याची लाईन लगेच येते असं नसतं, आणि तिकडच्या मोठमोठ्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर दिवस काढतायत हे सगळ्या पुण्याला माहितीये. टँकर भरतो कुठून? बहुतेक वेळा आसपासच्या विहिरी आणि बोअरवरून. म्हणजे नवरा ज्या पाण्याचं कौतुक करतोय ते तुझ्या नळाला येतंच आहे का, हाच खरा प्रश्न आहे, आणि चेअरमनने वर्गणी काढायच्या आधी याचं उत्तर द्यायला पाहिजे होतं.

बोअरचं पाणी जड का, तर आपला खडक काळा बेसॉल्ट, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची खनिजं भरपूर, आणि मातीखाली जागोजागी चुनखडी. पाणी त्या भेगांमधून मुरत मुरत खाली जातं, तिथे राहतं, क्षार घेत राहतं. जितकं खोल आणि जितकं जुनं तितकं सहसा जास्त जड. म्हणून एप्रिल-मे मध्ये टँकरचं पाणी जास्त मचूळ लागतं आणि ऑगस्टमध्ये तेच बरं वाटतं, वर्षभर एकच आकडा धरून बसू नये.

तर पहिलं काम, खर्च दोन-तीनशे रुपये. एक टीडीएस मीटर घे, पेनासारखा असतो, ऑनलाईन मिळतो, आणि एक वही कर. किचनचा नळ, बाथरूमचा नळ, आणि टँकर आला की वॉचमनला सांगून त्याच्या पाइपमधून घेतलेलं बाटलीभर पाणी, तिन्हीचे आकडे तारीख घालून लिही. एवढं दोन-तीन आठवडे कर. काय होईल सांगतो, किचनचा आकडा एखाद दिवशी १५० आणि दुसऱ्या दिवशी ६०० असा उड्या मारत असेल तर तुमच्या खालच्या टाकीत दोन वेगवेगळी पाणी एकत्र होतायत. पुष्कळ सोसायट्यांत हेच असतं, महापालिकेच्या लाईनचं थोडंसं चांगलं पाणी येतं आणि त्याच टाकीत टँकर ओततात, चांगल्याची पण वाट लागते. दोन टाक्या वेगळ्या केल्या, प्यायचं एका लाईनला आणि वापरायचं दुसऱ्या लाईनला, तर अर्धं दुखणं प्लंबरच्या बिलातच मिटतं. आणि आकडा कायम सहाशे-सातशेच असेल तर समज तुमच्याकडे धरणाचा थेंब येत नाहीये, नवऱ्याला वही दाखव.

साबणाची चाचणी पण कर, मीटरपेक्षा मला ती जास्त आवडते. अंगाच्या साबणाचा किस थोडा, झाकणाच्या बाटलीत अर्धं पाणी, आणि खळखळून हलव. माहेराहून येताना तिथलं पाणी बाटलीत आण आणि शेजारी शेजारी दोन्ही करून बघ. पेठेतल्या बाटलीत वर जाड फेस राहील आणि खाली पाणी बऱ्यापैकी निवळ, वाघोलीच्या बाटलीत फेस येतो न येतो आणि पाणी दह्याच्या निवळीसारखं गढूळ, काठाला चिकट साय. तीच साय तुझ्या बादलीला, फरशीला आणि केसांना बसते. यासाठी भांड्याचं लिक्विड वापरू नकोस, त्याला जड पाण्यात पण फेस येतो आणि काही कळत नाही.

इथे एक गोंधळ सोडवून टाकतो कारण पुढे मीटिंगमध्ये लागणार आहे. टीडीएस म्हणजे पाण्यातले एकूण सगळे विरघळलेले क्षार, आणि जडपणा, रिपोर्टमध्ये टोटल हार्डनेस लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातले फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. डाळ, साबण आणि गीझर यांना छळतात ते हे दोघंच. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्राम आणि जडपणाची २००, आणि दुसरा काही स्रोत नसेल तर टीडीएस २००० आणि जडपणा ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जडपणा ४५० आला तरी ते विष नाही, ते त्रासदायक पाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही.

मुतखड्याचं सासूबाईंना असं सांग. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात म्हणून लोकांना वाटतं पाण्यातलं कॅल्शियम जाऊन खडा झाला, दिसायला पण तो नळावरच्या थरासारखाच. पण शरीरात हिशोब वेगळा चालतो, जेवणातलं-पाण्यातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून बाहेर काढतं, म्हणून हल्ली डॉक्टर खडेवाल्या पेशंटला दूध-दही बंद कर असं सहसा सांगत नाहीत. जड पाण्याने खडा होतोच असं सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं, घाम जास्त, मीठ जास्त, घरात आधी कुणाला झालेला असणं, ही कारणं आधी बघायची. आणि आता गंमत बघ, पाणी मचूळ लागतं म्हणून सासरे कमी पाणी पीत असतील तर त्या अर्थाने पाण्यामुळेच झालं असं म्हणता येईल! त्यांना चव आवडेल असं पाणी द्या आणि दिवसाला लघवी दोन-अडीच लिटर होईल इतकं प्यायला लावा, बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारून. हार्ट किंवा किडनीचा दुसरा काही त्रास असेल तर हा आकडा माझा धरू नका, डॉक्टरांचाच धरा.

केसांचं, टक्कल पडतं याला धड पुरावा नाही. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात, त्याला आपण गळणं म्हणतो. डोक्याला साबण लावत असशील तर बंद कर, शांपू जड पाण्यात बरा चालतो, आणि शेवटचा एक तांब्या प्यायच्या फिल्टरच्या पाण्याचा घे. आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी केसाला घेऊ नकोस, बऱ्याच जणी वाया जातंय म्हणून घेतात, ते तर नळापेक्षा जड असतं. आणि खरंच मूठ मूठ जात असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, नळाच्या नावाने बोटं मोडत बसू नकोस.

डाळ मात्र खरंच पाण्यामुळे शिजत नाही. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि घट्ट होतं, मग शिट्ट्या देत बस. गावाकडे विहिरीचं पाणी कसं आहे हे तुरीची डाळ टाकूनच सांगायचे, "त्या विहिरीवर डाळ शिजत नाय" म्हणलं की समजायचं. चिमूटभर खायचा सोडा टाकला की शिजते पण जास्त टाकला तर चव बिघडते आणि जीवनसत्त्वं जातात, त्यापेक्षा डाळ-कडधान्य भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला प्यायचं पाणी वापर, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. काळ्या चहावर जी तेलकट चकाकणारी साय येते ती पण याचीच, घाण नव्हे.

गीझर. पाणी तापलं की त्यातला एक प्रकारचा जडपणा, उकळून जाणारा, तो पांढरा चुना होऊन बाहेर पडतो आणि नेमका कॉइलवर बसतो, कारण तिथेच सगळ्यात गरम. कॉइलभोवती चुन्याचं कवच झालं की उष्णता पाण्यात जात नाही, आतल्या आत कॉइल तापून जळते, वर वीजबिल वाढतं ते वेगळं. थर्मोस्टॅट पूर्ण मोठा ठेवून बादलीत निम्मं गार पाणी घालायची सवय असेल तर ती मोड, ६० अंशाच्या वर न्यायचं काही कारण नाही, जितकं जास्त तापवशील तितका थर जास्त. वर्षातून एकदा माणूस बोलवून टाकी उघडून साफ करायला लाव आणि तेव्हा आतला अ‍ॅनोड रॉड त्याला दाखवायला सांग, मॅग्नेशियमची जाड कांडी असते, टाकीच्या ऐवजी ती झिजावी म्हणून घातलेली. जड पाण्यात ती लवकर संपते आणि पुष्कळ सर्व्हिसवाले ती बघतच नाहीत, कॉइल बदलून पैसे घेऊन जातात. तुझी दुसरी कॉइल बदलली तेव्हा टाकी साफ केली होती का, विचार एकदा.

नळ आणि शॉवरसाठी महागडं लिक्विड नको. किराणावाल्याकडे लिंबूसत्व मिळतं, कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेव, शॉवरचं तोंड काढून त्यातच बुडव, अर्ध्या तासाने जुन्या ब्रशने घास. फक्त कोटा, शहाबादी किंवा मार्बलवर ते सांडू देऊ नकोस, ही फरशी मूळची त्याच चुन्याची, थराबरोबर फरशीचं पॉलिश पण खाऊन टाकेल. आणि कुठलंही अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायचं नाही, विषारी वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तर अजिबात नाही. कामवाल्या मावशींना पण हे सांगून ठेव.

इथपर्यंत जे बोललो तो सगळा त्रासाचा भाग. आता काळजीचा भाग, आणि तुझ्या पूर्ण पत्रात त्याचा एक शब्द नाही म्हणून मला जास्त काळजी वाटतेय.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले, आठवत असेल, माणसं चालती-फिरती असताना हातापायातली ताकद गेली, काही व्हेंटिलेटरवर गेली. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, पाण्याच्या नमुन्यांवर संशय गेला, आणि महापालिकेने त्या भागातले खाजगी आरओ प्लँट तपासले तर कित्येकांचं पाणी पिण्यायोग्य नव्हतं, प्लँटना सील ठोकलं. नीट वाच, आरओ प्लँट. ज्यांच्या जारवर विश्वास ठेवून लोक नळाचं पाणी सोडत होते ते. तिथे क्षाराने कुणी आजारी पडलं नव्हतं. आणि त्या पाण्यात टीडीएस मीटर घातला असता तर मस्त कमी आकडा दाखवला असता, कारण तो मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही, नळात मिसळलेलं ड्रेनेज दिसत नाही.

धरणाच्या पाण्यात महापालिका क्लोरीन घालते आणि नळाच्या टोकापर्यंत थोडा शिल्लक राहिला पाहिजे असा नियम आहे, लिटरला निदान ०.२ मिलिग्राम. नळाच्या पाण्याला औषधासारखा हलका वास येतो त्याची लोक तक्रार करतात, मला तर तो वास आला की बरं वाटतं. टँकरच्या पाण्यात हा क्लोरीन असतो का? टँकरवाल्याने घातला तर. तुमच्या सोसायटीत कोण घालतं, कधी घालतं, कोण तपासतं? तपासायची बाटली मेडिकल किंवा स्विमिंग पूलच्या दुकानात मिळते, पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, पिवळा आला तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. वॉचमनला रोज सकाळी टाकीवर हे करायला लावायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, चेअरमन सॉफ्टनरच्या आधी हे का करत नाहीत हे मला कळलेलं नाही.

मग आता लॅब. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळा पाणी तपासून देतात, शिवाय मान्यताप्राप्त खाजगी लॅब आहेत. जंतूंसाठीची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही. नळाचं तोंड पुसून, पाणी दोन मिनिटं सोडून, बाटलीच्या कडेला बोट न लावता भरायची आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची. दोन नमुने दे, एक टँकरचा आणि एक किचनच्या नळाचा, म्हणजे टँकर घाण आणतो की तुमची टाकी घाण करते ते कळेल. रिपोर्ट आला की डोळे थेट ई-कोलायवर, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूवर ने, १०० मिलिलिटरमध्ये तो एकही नको, तिथे कुठलीही सूट नाही. त्याखाली नायट्रेट, लिटरला ४५ मिलिग्रामच्या वर असेल तर बहुधा सांडपाणी किंवा खत त्या विहिरीत उतरतंय, तान्ह्या बाळाला ते पाणी अजिबात नको, आणि नायट्रेट उकळून जात नाही उलट पाणी आटून वाढतं. फ्लोराइड दीडच्या आत हवं. मग टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा, आणि शेवटी टीडीएस आणि हार्डनेस. लोक उलटं वाचतात, टीडीएस बघून रिपोर्ट घडी करून ठेवतात.

रिपोर्टवरून काय घ्यायचं ते सरळ आहे. टीडीएस पाचशेच्या आत आणि नायट्रेट-फ्लोराइड ठीक असेल तर आरओ नको, गाळणी आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारे अतिनील किरण, असलेलं मशीन पुरे. राष्ट्रीय हरित लवादाने पण २०१९ मध्ये पाचशेच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालावी असंच सांगितलं होतं, कारण घरगुती मशीन एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर गटारात सोडतं, आणि ज्या वाघोलीत टँकरसाठी भांडणं होतात तिथे हे परवडणारं नाही. आकडा कायम पाचशेच्या वर असेल किंवा नायट्रेट जास्त असेल तर मात्र आरओ घे, बिनधास्त घे, पण ई-कोलाय सापडला असेल तर आरओ घेऊन गप्प बसायचं नाही, टाकी आणि टँकर सुधारायलाच लागणार, कारण दात घासायचं आणि भाजी धुवायचं पाणी आरओमधून जात नाही. मशीन आलं की टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू असतो तो कुठे लावलाय बघ, तो म्हणजे आरओच्या पडद्यातून न गेलेलं पाणी थोडं मिसळायची चावी, लोक वीस-तीसवर आकडा आणून खूष होतात, पाणी बेचव होतं, काही मिळवलेलं नसतं. मेंब्रेन, म्हणजे तोच पडदा, आणि फिल्टर वेळेवर बदलायचे, नाहीतर मशीनमध्येच जंतू वाढतात. वेस्टचं पाणी पोछा आणि संडासाला वापर, कुंड्यांना रोज घालू नकोस.

रिपोर्ट येईपर्यंत उकळून प्या, चांगली खळखळ उकळी एक मिनिट पुरते. उकळल्यावर तळाला पांढरे कण बसले तर घाबरू नका, तो मगाचाच चुना.

आणि चेअरमनचा सॉफ्टनर. कल्पना वाईट नाही, जडपणा खरंच चारशे-पाचशे असेल तर गीझर, वॉशिंग मशीन, नळ सगळ्यांचं आयुष्य वाढेल. पण त्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत पाहिजे, रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, आणि मणी भरले की मिठाचं पाणी सोडून धुवायचे, म्हणजे मिठाची पोती दर महिन्याला आणि माणूस पण. बसवल्यावर टीडीएस कमी होत नाही, एकाची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मीटर घालून "आकडा तोच आहे, फसवलं" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंब मारणार. सॉफ्टनर तपासायचा तो हार्डनेसच्या किटने, थेंब मोजत टाकायचे आणि पाणी वाइनसारख्या लालवरून निळं झालं की थांबायचं. दुसरं, हे पाणी प्यायचं नाही. जडपणा ४०० असलेलं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरला साधारण १८० मिलिग्राम सोडियम वाढतं, दिवसाला दोन लिटर प्यायलं तर जवळजवळ एक ग्राम मीठ पोटात जास्तीचं, बीपीवाल्यांना हे कशाला? त्यामुळे किचनच्या प्यायच्या नळाला वेगळी लाईन ठेवा किंवा तिथे आरओ असेल तर त्याची हरकत नाही. तिसरं, फ्लशला आणि बागेला मऊ पाणी नको, उगाच मीठ खर्च. तुमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, असणार आणि त्याचंच पाणी बागेला जात असणार, रेझिन धुतलेलं खारं पाणी त्यात गेलं तर दोन-तीन वर्षांत बागेची माती चिकट आणि टणक होईल, मग माळ्याला दोष. कोटेशन मागवताना हे तिन्ही प्रश्न लिहून द्या, आणि जो कुणी चुंबक किंवा लहरींचं यंत्र पाइपला बांधून जडपणा घालवतो म्हणेल त्याला विचारा, आधी आणि नंतर हार्डनेस किटने मोजून दाखवतोस का.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू तुझी वही घेऊन जा आणि सॉफ्टनरच्या विषयाआधी हे ठराव मांड: टँकरवाल्याने पाणी कुठून भरतो ते चलनावर लिहून द्यायचं, खालची-वरची टाकी पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आसपास धुवायची, क्लोरीनचं रजिस्टर ठेवायचं, दर तीन महिन्यांनी लॅबचा रिपोर्ट नोटीस बोर्डवर लावायचा, आणि महापालिकेच्या लाईनसाठी वॉर्ड ऑफिसला सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज. भामा आसखेडचं पाणी तुमच्या शेजारी खराडीपर्यंत आलेलं आहे, तिथून पुढे कधी येणार हे लेखी विचारायला काही हरकत नाही. चेअरमन म्हणतील एवढ्या सगळ्याला वेळ कुणाला आहे, तेव्हा क्लोरीनचं रजिस्टर नवऱ्याला सांभाळायला द्या, पाण्याबद्दल एवढा अभिमान आहे तर रोज सकाळी टाकीवर जाऊन चार थेंब टाकायला काय जातंय.